अण्णांच्या खोलीचं लावलेलं दार

आई, आपल्या माडीवर सध्या एक गोरी बाई राहते. नुसतं ऐकूनच तू पदर खोचून जिन्याकडं निघाली असतीस. हे तू शिकवलेल्या बाळबोधीत, देवनागरीत लिहितेय, म्हणजे तमिळच वाचणाऱ्या या गल्लीत कुणाच्या हाती कागद पडला तरी वाचता येणार नाही, अण्णांनाही नाही. बघ, तुझीच लेक.

मला तो दिवस आठवतो. दूधवाला दारात उभा आहे आणि तू दुधाचा थेंब नखावर घेऊन ओघळतो का ते बघतेस. मी त्याची बाजू घेतली, "बिचारा रोज येतो ग," म्हणाले, तर तू स्वयंपाकघरातून कडाडलीस, "बिचारा म्हणूनच पाणी घालतो! माणसावर विश्वास ठेवावा, पण आधी दाराला कडी घालून." तू गेलीस आणि ती कडी माझ्या हाती आली. राजवाड्यामागच्या या गल्लीत आता आम्ही दोघंच. मी दिवसभर ओरत्तनाडुच्या कचेरीत, अण्णा मधल्या खोलीत खाटेवर. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली आणि बोलणंही आटलं. अंग पुसायला सकाळी एक माणूस येतो, ते काम मुलीनं केलेलं त्यांना खपत नाही. दुपारी शेजारची मामी भरवून जाते.

ही बाई कुठल्याशा थंड देशातली, नर्स होती, निवृत्त झाली. पापनाशमकडच्या खेड्यांत घरोघर फिरते आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची कूस कशी बदलायची, जुन्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, झोळी करून त्यांना कसं उचलायचं, ते त्यांच्या लेकीसुनांना शिकवते. फुकट! साठी उलटलेली बाई, घरी नातवंडं, आणि इथल्या उन्हात टोमॅटोसारखी लाल होऊन बसला लोंबकळत फुकट राबते, हे मला काही पटेना. मामी म्हणाली, "वेळ्ळैक्कारी ती. गोरी माणसं उगीच इतक्या लांब येतात होय? घरावर डोळा असेल ग." कचेरीतल्या साहेबांनी शब्द टाकला म्हणून मी खोली दिली होती. भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

वागणं अगदी सोज्वळ. हातानं रसमभात खाते, ताट आपलं आपण धुते, सकाळी दारात रांगोळी काढायला बसते आणि ठिपके चुकले की स्वतःशीच हसते. मला त्या सोज्वळपणाचाच जास्त संशय. त्यात मामीनं कानावर घातलं की दुपारी गावाहून परतली की ती अण्णांच्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. मी विचारलं, तर आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाली, "आम्ही बोलत बसतो." बोलत! माझ्याशी दोन शब्द न बोलणारा माणूस हिच्याशी काय बोलतो? त्या संध्याकाळी पाय चेपायच्या निमित्तानं मी खाटेवर बसले आणि अण्णांचा अंगठा उलटून पाहिला, शाई लागलीय का म्हणून. हसू नकोस. घराचे कागद ट्रंकेतून काढून मी तांदळाच्या डब्यात तळाशी घातले.

मागच्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं म्हणून दुपारीच घरी आले. दार लावलेलंच होतं. थाप न मारता ढकललं. अण्णा कुशीवर, वेष्टी खाली सरकवलेली, आणि ती गुडघ्यांवर बसून त्यांच्या माकडहाडावरची जखम पुसतेय. लिंबाएवढी जखम, आई. माझ्या घरात, माझ्या बापाच्या अंगावर, आणि मला पत्ता नाही. अण्णांनी उशीत तोंड लपवलं.

"कधीपासून आहे हे? मला का नाही सांगितलं?" मी तिच्यावर ओरडले.

"ते नको म्हणाले. सकाळच्या माणसालाही सांगू दिलं नाही," ती म्हणाली. "मी रोज म्हणते, मुलीला सांगा. आता भरतेय. आधी मोठी होती."

मग अण्णा बोलले, उशीतूनच, जड जिभेनं. "तिला कळलं तर चालतं. परकी ती. तुला कळलं तर तू मला कुंभकोणात नेऊन सोडशील."

"कुंभकोणात काय आहे?"

"म्हाताऱ्यांना ठेवतात ते घर. पोंगलानंतर देवळाला म्हणून तिकडं गेलीस. परत आलीस, तर कपाळाला कुंकू नाही, डोक्यात फूल नाही."

"गर्दी होती, अण्णा," मी म्हणाले. "बाहेरूनच हात जोडले." त्या बाईला आपलं मराठी कुठलं कळायला! तिनं चिमट्यातला कापूस माझ्या हातात दिला आणि कुठून पुसायचं ते दाखवलं.

तेव्हापासून कचेरीतून आले की जखम मीच धुते. ती मागं उभी राहते आणि माझा हात जड पडला की "हळू" म्हणते. अण्णा डोळे मिटून घेतात. त्यांना लाज वाटते की भीती, मी विचारलेलं नाही. तिच्याबद्दलचा माझा संशय मात्र फिटला. काल तिला उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी करून वाढली, तर बोटं चाटून खाल्ली तिनं.

तू असतीस तर यापुढचं लिहिलंच नसतं. देवळात मी गेलेच नव्हते, आई. कुंभकोणातल्या त्या घरात गेले, खोली पाहिली, खाट हलवून पाहिली आणि अण्णांचं नाव सांगून आले. परवा तिथून फोन आला, जागा झालीय म्हणून. मी नको म्हणाले नाही. कळवते म्हणाले.