मार्लीनने मोजलेले फटके

हॉलर क्रीक, सस्कॅचेवान
गुरुवार, १२ मार्च

तीर्थरूप ओलेनाताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (एक जन्मापासूनचा, दुसरा गेल्या वर्षी डॉक्टरांनी बसवलेला. टेकवायला दुसराच बरा पडतो.) तुझी कंबर आता काय म्हणते? व्हिक्टोरियात म्हणे ट्यूलिप वर आले. इथे उणे बावीस आहे आणि कालपासून आमच्या मागच्या दाराने उघडायला साफ नकार दिलाय. तू पाठवलेला आलुबुखाराचा मुरांबा सुखरूप पोचला, आणि मार्लीनने तो पेरोगीच्या करंज्यांत भरून, उकडून तितक्याच सुखरूपपणे संपवलाही. मार्लीनची तब्येत उत्तम. मांजराची उत्तम. माझीही उत्तम असल्याचं मार्लीन तुला फोनवर सांगते, ते ऐकून सोडून दे.

तुला माहीतच आहे की बातमी चांगली असली की मी फोन करतो आणि वाईट असली की पत्र लिहितो. तेव्हा पाकीट बघूनच तू खुर्ची ओढून बसली असशील. बसलीस ते बरं केलंस, आता उठू नकोस. बाबांची तळ्यावरची झोपडी मी पैजेत लावली. हो, तीच, त्यांनी लग्नाच्या आदल्या वर्षी धान्यकोठाराच्या टाकाऊ फळ्यांतून बांधलेली, आतून निळी. तिच्यात बसून बर्फाच्या भोकातून तू पहिला मासा ओढलास आणि घाबरून परत सोडून दिलास, तीच झोपडी. मी दारू प्यायलो नव्हतो, मला तापही नव्हता. मी हिशेब करून, पेन्सिलीने, दोनदा तपासून लावली. म्हणूनच जास्त लाज वाटते.

झालं असं, की आमचे एल्क्स आणि ब्रॅमलीचे बॅजर्स यांच्यात बर्फावरच्या हॉकीच्या अंतिम फेरीचे सहा सामने झाले आणि तीन-तीन अशी बरोबरी झाली. सातवा, शेवटचा, शनिवारी आमच्या रिंकवर होणार होता. रविवारी चर्चच्या तळघरात पॅनकेकचा नाश्ता होता, तिथे माझ्यासमोर लॉर्न येऊन बसला. (मार्लीनचा भाऊ. ब्रॅमलीत ट्रॅक्टर दुरुस्त करतो. तुझ्या मुलीच्या लग्नात ज्याने बॅंडवाल्याच्या हातून ॲकॉर्डियन काढून घेतलं होतं, तो.) सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, की तुमचा डेल स्टेफॅन्युक हा गोलरक्षक नसून उघडं फाटक आहे, त्याच्यातून गुरंसुद्धा जातील. आता डेल आपला शेजारी. छत्तीस वर्षांचा गुणी माणूस, दिवसा नळ दुरुस्त करतो, संध्याकाळी गोल राखतो, आणि माझा गुडघा गेल्यापासून आमच्या अंगणातला बर्फ न सांगता काढतो. पण मी त्याच्या बाजूने बोललो ते शेजारधर्म म्हणून नाही. माझ्याकडे वही होती.

वहीबद्दल तुला थोडं सांगायलाच हवं. (मार्लीन म्हणते थोडं सांग, म्हणून अर्धंच सांगतो.) चौतीस वर्षं मी कोठारावर धान्याचं वजन केलं. माझ्या काट्यावर कुणा शेतकऱ्याने कधी बोट ठेवलं नाही, हे तूही जाणतेस. निवृत्त झाल्यावर वजन करायला काही उरलं नाही, तेव्हा मी हॉकी तोलायला घेतली. चार वर्षांचे सगळे सामने, दोन्ही संघांचे फटके, कुठल्या गोलरक्षकाने शंभरातले किती अडवले, घरी किती, परगावी किती, आदल्या दिवशी खेळला असेल तर किती, सगळं त्या वहीत आहे. आकडे माझे नाहीत, रिंकवरच्या अधिकृत कागदावरून उतरवलेले आहेत. त्या कागदांप्रमाणे डेल परगावी शंभरातले सत्त्याऐंशी अडवतो आणि घरच्या बर्फावर त्र्याण्णव. एवढा फरक साऱ्या लीगमध्ये कुणाचा नाही. मी त्यावर फार विचार केला होता. डेलला बस लागते, परगावचा बर्गर पचत नाही, परकी गादी टोचते, असे तीन निष्कर्ष काढून मी ते तारखेसकट लिहूनही ठेवले होते. ब्रॅमलीचा गोलरक्षक सिम्स (शाळेत विज्ञान शिकवतो) घरीदारी सगळीकडे नव्वद. उकडलेल्या बटाट्यासारखा आकडा, त्यात बघायचं काय?

मग हिशेब सरळ होता. ब्रॅमलीवाले सामन्यात सरासरी अठ्ठावीस फटके मारतात, शंभरात सात सुटणार म्हणजे दोन गोल. आपण तीस मारतो, सिम्सच्या हातून दहातला एक सुटतो, म्हणजे तीन. तीन-दोन, आपण जिंकलो. डेल घरच्या सामन्यात जवळजवळ तीन गोल खातो, हेही वहीत होतं, नाही असं नाही. पण गोल किती खाल्ले हा आकडा सगळ्या बचावफळीचा असतो, एकट्या गोलरक्षकाचा नसतो, म्हणून मी त्याच्याकडे तुच्छतेने बघत असे. (ही चूक मोठमोठे लोक करत नाहीत. मी केली.) एवढं सगळं मी लॉर्नला पॅनकेकवर पाक ओतता ओतता समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या आकड्यांवर तुमचाच भरवसा नाही. असता तर झोपडी लावली असतीत." ताई, माझ्या काट्यावर चौतीस वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, लावली. आपण जिंकलो तर लॉर्न मिशा काढून, एल्क्सचा हिरवा सदरा घालून ईस्टरला ब्रॅमलीच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणार. हरलो तर झोपडी त्याची, कायमची, आणि तो तिला बॅजर्सचा नारिंगी रंग देणार. बाबा नारिंगी रंगाला काय म्हणायचे ते पत्रात लिहिता येत नाही.

शनिवारी मी दीड तास आधी जाऊन बसलो. लॉर्न माझ्या शेजारीच, मांडीवर शेंगदाण्यांची पिशवी. वेळ लिहिणाऱ्याच्या वर जी काचेची खोली आहे तिथे मार्लीन आपल्या जागी. (बारा वर्षं ती अधिकृत फटके मोजते, तुला माहीत आहे. मुठीत मावणारं छोटं यंत्र, फटका झाला की अंगठ्याने दाबायचं.) हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर ब्रॅमलीच्या फटक्यांच्या रेघा ओढायला लागलो. चार वर्षांत मी स्वतः कधी मोजलं नव्हतं, कागद मिळत असताना कशाला मोजायचं? पहिलं सत्र संपलं तेव्हा एक-एक झालं होतं. फलकावर ब्रॅमलीचे फटके पंधरा. माझ्या रेघा दहा.

मी म्हटलं, मोतीबिंदू. दुसऱ्या सत्रात चष्मा पुसून, श्वास रोखून बघत बसलो. ब्रॅमलीने एक गोल केला, आपण दोन केले, मग त्यांनी पुन्हा एक. तीन-तीन. दर गोलाला लॉर्न एक शेंगदाणा फोडत होता, गोल कुणाचाही असो, आणि ते मला जास्त झोंबत होतं. शेवटच्या मिनिटाला ब्रॅमलीच्या एकाने लांबून तो चपटा रबरी पक हाणला. तो खांबाच्या हातभर बाहेरून जाऊन मागच्या फळीवर आपटला. डेलने उगीच हात वर केला. मी सहज वर पाहिलं तर काचेच्या खोलीत मार्लीनचा अंगठा खाली गेला. फलकावर एकोणतीस झाले. माझ्याकडे एकोणीस होते.

मधल्या सुट्टीत त्या बेचाळीस लोखंडी पायऱ्या मी कसा चढलो ते माझ्या नव्या गुडघ्याला विचार. खोलीत ती एकटी थर्मासमधला चहा ओतत होती.

"बाहेरून गेलेला कशाला धरलास?" मी विचारलं.

"डेलने हात उचलला ना."

"अगं, हात उचलला म्हणजे फटका होतो का? गोलात जाणारा असेल तर फटका! नियम आहे!"

"मग त्या बिचाऱ्याची मेहनत कुठे मोजायची?"

कधीपासून असं मोजतेस, विचारलं, तर म्हणाली, "बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यापासून. दर शनिवारी तो त्यांना स्लेजवर बसवून, दोन गोधड्यांत गुंडाळून झोपडीपर्यंत ओढत न्यायचा आणि अंधार पडायच्या आत परत आणायचा. कुणाला एका शब्दाने बोलला नाही. मला वाटलं, कुठेतरी त्याची नोंद व्हावी. माझ्या हातात हे एवढंच यंत्र होतं." मी म्हटलं, पण मला कधी सांगितलं नाहीस. त्यावर ती म्हणाली, "तुला माहीत होतं, ओरेस्ट. तू स्वयंपाकघरात आकडे उतरवत होतास. खिडकीतून हात केलास की त्यांना."

हात केला होता. आठवतं मला.

तिसरं सत्र मी कसं बसून काढलं ते सांगता येत नाही. खाली उतरल्यावर साऱ्या रिंकमध्ये मला एकट्याला (आणि तिला) ठाऊक होतं, की त्र्याण्णव असं काही नाहीच. परगावचा सत्त्याऐंशीच घरचाही आहे. बस लागत नाही, गादी टोचत नाही, डेल हा सगळीकडे सारखाच, बरा, साधा गोलरक्षक आहे आणि त्याच्या हातात आपल्या बाबांची झोपडी दिलीय. त्याला पैजेचं कळलं होतं. (हॉलर क्रीकमध्ये पॅनकेक थंड व्हायच्या आत सगळ्यांना सगळं कळतं.) वीस मिनिटं तो असा खेळला की मी देवाला जे जे कबूल केलं ते आता फेडायला दुसरा जन्म लागेल. दोनदा पक त्याच्या पायांतून निसटून रेषेवर थांबला, आणि दोन्ही वेळा त्याने अंगाखाली दाबून धरला. माझं बोट मी चावलं होतं, ते मला घरी गेल्यावर कळलं. लॉर्ननेही शेंगदाणे बाजूला ठेवले होते.

जादा वेळेच्या चौथ्या मिनिटाला कोपऱ्यातून एक मरतुकडा, कसलाही जोर नसलेला फटका आला, एका काठीला लागून वळला आणि डेलच्या पायांमधून हळूच आत गेला. डेल तिथेच बर्फावर गुडघे टेकून बसला. मी वर पाहिलं. मार्लीनने यंत्र टेबलावर ठेवून दिलं होतं. तेवढा एक खरा फटका तिने मोजला नाही. लॉर्न उभा राहिला, मला वाटलं आता नाचणार, तर त्याने फक्त माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "दाजी, पुढच्या रविवारी ट्रॅक्टर घेऊन येतो." कायद्याने त्या दिवशी सगळ्या झोपड्या बर्फावरून निघायलाच हव्यात.

सोमवारी डेल नेहमीसारखा फावडं घेऊन आला. काम संपवून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ओरेस्टकाका, माझ्यामुळे गेली झोपडी." मला खूप काही बोलायचं होतं. स्लेजबद्दल बोलायचं होतं. मी म्हटलं, चहा घेणार का. तो म्हणाला, नको, एकांचा नळ फुटलाय. आणि गेला. मला माझा इतका राग कधी आला नव्हता.

असो. भावोजींना माझा नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. कंबरेला ऊब दे, थंड फरशीवर अनवाणी फिरू नकोस.

तुझा आकडेमोड सोडलेला (निदान या आठवड्यापुरती) भाऊ,
ओरेस्ट

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. झोपडी निम्मी तुझी आहे, बाबांच्या मृत्युपत्रात तसं लिहिलंय, आणि पैज लावताना मला त्याचा सोयीस्कर विसर पडला होता. तेव्हा कृपा करून मला एक कडक, संतापलेलं पत्र लिही. "माझ्या परवानगीवाचून" हे शब्द दोनदा येऊ देत. ते लॉर्नला दाखवता येईल. तुझ्याइतका सही करण्याजोगा राग आपल्या घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. शक्य असेल तर तारीख एक मार्चच्या आधीची घाल.

ता. क. दुसरा, शनिवार. पाकीट बंद करायचं राहिलं ते बरं झालं. आज झोपडी रिकामी करायला गेलो होतो. बाबा गेल्यापासून मी आत पाऊल टाकलं नव्हतं. लॉर्नही बर्फ किती धरलाय ते बघायला आला होता. बाबांचा जुना कोट खुंटीवरून काढला तर मागे भिंतीवर त्यांच्या पेन्सिलीने तीन नावं लिहिलेली आणि पुढे रेघा ओढलेल्या. वर त्यांच्या शेवटच्या हिवाळ्याचं साल घातलेलं. कोण कोण सोबतीला आलं त्याचा तो हिशेब होता. डेलच्या पुढे एकवीस. लॉर्नने रेघा बोटाने मोजल्या आणि टोपी नीट करत म्हणाला, "ही एक भिंत तुमची, दाजी. उरलेल्या तीन माझ्या." तेव्हा तीन भिंतींपुरता राग पुरे, आणि हे पत्र पोचेपर्यंत झोपडी गेलेलीही असेल, म्हणून लिहू नकोस, फोनच कर.

तुझ्या नावापुढे सहा रेघा आहेत. त्या हिवाळ्यात तू इकडे आलीच नव्हतीस. मार्लीन म्हणते, तुझे फोन धरले असतील.

माझ्या पुढे अकरा आहेत. मी दोनदाच गेलो होतो, ताई.