जुळवलेली यादी

१० नोव्हें. २००३, सोम.
वाचनालयाचा कॉम्प्युटर बसला. सभासद, पुस्तकं, सगळ्या नोंदी गेल्या. आणि सेक्रेटरी नाईकसर पापडीच्या बाजारात, बोंबील घेता घेता, चारचौघांसमोर मला म्हणतात, "मार्शलभाऊ, तुमच्या सीडीत व्हायरस होता." माझ्या! हातातली पिशवी तिथेच ठेवून बोलणार होतो. फिलोमिनाने बाही ओढली.
कोणत्याही क्लासला न जाता शिकलोय, पण लोकांना सीडीवर देतो त्या सॉफ्टवेअर पॅकेजची एक फाईल कधी न तपासता दिलेली नाही. बनवणाऱ्याच्या साईटवर प्रत्येक फाईलचा एमडी-फाईव्ह असतो. माणसाच्या अंगठ्याचा असतो तसा फाईलचा ठसा. आत एक स्वल्पविराम बदला, अख्खा ठसा बदलतो. तो जुळला तरच फाईल माझ्या सीडीवर जाते, सोबत सगळ्या ठशांची यादी. आणि हे मला सांगणार!

११ नोव्हें.
सरांना म्हटलं, सीडी द्या, तपासतो. तर म्हणे, "आम्ही तपासली. सीडीवर तुमचीच यादी आहे, तिच्याशी सगळं जुळलं. म्हणजे फाईली तुमच्याच."
सीडीतल्या फाईली सीडीतल्याच यादीशी! चोराला विचारायचं, बाबा रे, तू चोर का? आमच्यात लग्नाआधी चर्चमध्ये नावं पुकारतात, कोणाची हरकत आहे का म्हणून. नवऱ्याच्या गावात पुकारतात, नवरीच्याही. नवऱ्याला एकट्याला कोपऱ्यात घेऊन विचारत नाहीत. हे सरांना सांगितलं तर हसले. हसण्यासारखं काय होतं?
सीडी मात्र दिली.

१३ नोव्हें., गुरु.
वसईला सायबर कॅफेत बसून मूळ साईटवरून ठसे पुन्हा उतरवून आणले. एकेक लावला. सगळे बरोबर. एक सोडून.
मराठी टायपिंगचं पॅकेज. नाव तेच, तारीख तीच, ठसा भलताच. आणि सीडीवरच्या यादीत तो भलताच ठसा व्यवस्थित लिहिलेला! म्हणजे फाईल बदलणाऱ्याने यादीही नवी केली. इतका पोचलेला हरामखोर कोण?
माझ्या मूळ सीडीवरून कॉपी फक्त टायपिंगवाला बस्त्याव काढतो, सीडी-रायटर त्याच्याच दुकानात आहे. पण बस्त्याव असलं करणार नाही. त्याला मीच शिकवलंय.

१४ नोव्हें.
बस्त्यावनेच केलं.
नुसतं विचारलं, तर लाजणं नाही, घाबरणं नाही. "हो, मीच. तुझं टायपिंगचं पॅकेज महिन्याने बंद पडायचं. स्टेशनबाहेर एकाकडे कायम चालणारं मिळालं, ते घातलं."
"आणि यादी?"
"जुळेना. तूच म्हणालास ना, यादी जुळली नाही तर सीडी कोणाला देऊ नको? मग जुळवली. तू दाखवलेली तीच कमांड. बरोबर झाली ना?"
वर कौतुकाची वाट बघत उभा!
काय काय बोललो ते लिहीत नाही. त्याची बायको आतून बाहेर आली एवढं पुरे.

१६ नोव्हें., रवि.
मिस्सानंतर नाईकसर चर्चच्या आवारात भेटले. दोन्ही ठसे शेजारी शेजारी छापलेला कागद हातात दिला. नीट वाचला, हे मान्य. म्हणाले, "ठीक, ही फाईल तुमची नाही. मग कोणाची? येत्या रविवारी कमिटीसमोर नाव सांगा. नाही सांगितलंत तर वाचनालयात यापुढे तुमची सीडी नको, तुमचा हातही नको."
तो कॉम्प्युटर मी उभा केला! केबलीसुद्धा मी ओढल्या! आणि मला हात नको!
नाव सांगितलं तर वाचनालयाचं टायपिंगचं काम बस्त्यावकडून जाणार. दुकान त्याच्यावरच उभं आहे.
फिलो म्हणते, "सांगून टाका. त्याने तुमचा विचार केला होता?"
केला होता, हाच तर वैताग. माझी यादी चुकीची दिसू नये म्हणून केलं त्या गाढवाने.

१९ नोव्हें.
बस्त्याव आला. वाळवलेली केळी, सुकेळी घेऊन. ओट्यावर बसला. म्हणाला, "यादी कुठली घ्यायची मग?"
"बाहेरची. बनवणाऱ्याकडची. सीडीतली नाही."
"हे आधी सांगायचंस."
आधी सांगायचंस! हे काय सांगायची गोष्ट आहे? ... सांगितलं नव्हतं बहुतेक. जुळव म्हणालो होतो, कशाशी ते नाही. पण अक्कल नावाची काही वस्तू असते की नाही?
सुकेळी फिलोने ठेवून घेतली.

२२ नोव्हें., शनि.
सकाळपासून कागद पुढ्यात. ठसे छापलेत, खाली नावाची जागा रिकामी. ठसा एवढंच सांगतो की फाईल ती नाही. कोणी बदलली ते सांगत नाही. ते काम माझ्या गळ्यात.
माझं नाव बाजारात घेतलं, तर ते बाजारातच साफ व्हायला पाहिजे. यात काय चूक आहे?
संध्याकाळी बस्त्याव दारात, स्कूटर चालूच ठेवून. "उद्या मीटिंगला माझ्या मागे बस. तुझी सायकल पंक्चर आहे ना?"
"तू कशाला येतोस?"
"सरांनी सगळ्यांनाच बोलावलंय. तू काय सांगणार आहेस?"
स्कूटरच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं.
"साडेनवाला ये," म्हटलं.