खोली, मशीन आणि बाळाला कोण बघणार

मी, वय वर्षे एकसष्ट, धंदा शिलाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपणाखाली वागून झालं, आता पुरे.

कलम १. राहती खोली माझ्या कमाईची आहे. यजमानांचं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं. ती पाटी मुलाने न्यावी.

कलम २. शिलाई मशीन मुलीला. तयार कपड्यांच्या कारखान्यात मी काजं-बटणाच्या मशीनवर होते. दोन बाळंतपणं झाली आणि दोन्ही वेळा मला पुन्हा धागे कापायला बसवलं, जणू शिकलेलं सगळं दुधाबरोबर गेलं. परत घेताना मुकादम एकच विचारायचे, "घरी पोराला कोण बघतं?" खरं उत्तर होतं, "त्याचा बाप घरीच असतो." पण बाप घरी असणं म्हणजे घरी कोणी असणं, असं कारखान्यात धरत नसत. आमच्या घरातही धरत नसत. म्हणून मी सांगितलं, "सासूबाई आहेत."

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. कारखान्यात त्या पुढे अकरा वर्षं जगल्या. त्यांचे गुडघे दुखले की मला अर्धी रजा मिळे. एकदा मुकादमांनी त्यांच्यासाठी तेल पाठवलं, ते मी माझ्याच गुडघ्यांना चोळलं. पोरं वाढली शेजारणीच्या जिवावर. माझं लोखंडी कपाट तिला द्यावं. तेवढ्याने उपकार फिटत नाहीत, पण कुलूप चांगलं आहे.

कलम ३. मुलगी त्याच कारखान्यात शिवणाच्या लाइनवर आहे. तिला सातवा महिना. जावई ट्रकवर, महिन्यातून दोनदा दिसतात. माझी कंबर गेली, मला बाळ उचलवणार नाही. चिरंजीव तीन वर्षं लायक नोकरीच्या शोधात घरीच आहेत, बहिणीच्या पगारावर. आयत्या बिळावर नागोबा. परवा तेच तिला म्हणाले, "ताई, नोकरी सोड आता. बाळाला कोण बघणार?" ती रडली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आता सोडली, तर तीही पुन्हा धाग्यांवर येईल, नाहीतर कायमची घरी बसेल.

कलम ४. खोली दोघांत निम्मी. मुलाच्या हिश्शाला एक अट: बाळ वर्षाचं होईपर्यंत बहीण कामावर असताना त्याने एकट्याने सांभाळायचं. दुपटी, शी-शू, रडारड, सगळं. जमलं की नाही, हे शेजारीण ठरवेल. कुचराई केली तर सगळी खोली मुलीची. मुकादमांनी विचारलं तर मुलीने ताठ मानेने सांगावं, "भाऊ आहे."

कलम ५. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, हे मला ठाऊक आहे. पण बाळंतपण दोन महिन्यांवर आलंय आणि तोवर मला मरायला सवड नाही. म्हणून अट आजच वाचून दाखवली. चिरंजीवांचा चेहरा पडला. म्हणाले, "अगं आई, पण मला कसं जमेल?"

दोन बाळंतपणांत "तुला कसं जमेल?" असं मला कोणी विचारलं नाही. त्याने स्वतःपुरतं तरी विचारलं, याची नोंद असावी. अट कायम.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. शेजारीण (सही) २. कोपऱ्यावरचे औषध दुकानदार (सही)
ठिकाण: राहती खोली, दुसरा मजला
दिनांक: १४ जून, रविवार