नळी फिरायची थांबली

कोल्हापूर, मार्च १९७८, शनिवार संध्याकाळ

आज एनएमआरच्या, म्हणजे चुंबकात रेणू तपासणाऱ्या यंत्राच्या, आलेख-कागदावर दोन शिखरं उमटली! आठवडाभर द्रवस्फटिकाचा नुसता पसरट डोंगर येत होता. सर तर पीएच.डी.चा विषयच बदल म्हणाले होते. सवयीनं मी नमुन्याची नळी चुंबकात गरगर फिरवत होते. आज मनात आलं, फिरवत राहिले तर बिचारे रेणू एका दिशेला वळणार कसे? फिरकी बंद केली, आणि दोन शिखरं, एकदम स्वच्छ! आधी का नाही सुचलं मला? सर धावत आले. "विषय राहू दे की हाच!"

घरी बाबा आणि दादा रेडिओवरून भांडत होते. आईला सांगितलं, "चुंबकानं सगळे रेणू एका दिशेला तोंड करून उभे राहिले."

ती म्हणाली, "मग एक चुंबक घरी आण की!"