मंगळावरचं वीतभर दार

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत; माझी अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे, आणि तो आजार दाजींकडून आलेला असल्यामुळे तुला लिहितो.

गेल्या महिन्यात मी आलो तेव्हा दाजींनी मंगळावर फिरणाऱ्या त्या यंत्रगाडीने काढलेले फोटो टेबलावर मांडले होते. (आपण ताटं मांडीवर घेऊन जेवलो.) एका खडकात दार, दुसऱ्यात चमचा, तिसऱ्यात रुसलेली बाई. दार केवढं, मी विचारलं. वीतभर, म्हणाले. एवढ्याशा दारातून जाणार कोण, तर म्हणाले, "माणसं ठेंगणी असतील." आपल्या शाळेच्या भिंतीवरच्या ओलीत मला वर्षभर उंट दिसायचा, पण तो कुठून आला याचं पत्रक काढावं, हे मास्तरांना काही सुचलं नाही. आणि माझं साधं मन म्हणतं, देवाने अख्खा ग्रह घडवला, त्यात एखादी कड सरळ उतरली तर तिचं श्रेय लगेच दुसऱ्या गवंड्याला कशाला?

पण तू स्वयंपाकघरात हळूच सांगितलंस, की निवृत्त झाल्यापासून हे नुसते भिंतीकडे बघत बसायचे, फोटोंचा नाद लागल्यापासून दोन घास जास्त जेवतात, तेव्हा नाही म्हणू नकोस. म्हणून मी म्हणालो, "दिसतं खरं दारासारखं." एवढंच. दाजींनी त्याचं पत्रक छापलं: 'तीस वर्षं दगड पारखणाऱ्या तज्ज्ञाचा निर्वाळा', खाली माझं पूर्ण नाव आणि आमच्या लाद्यांच्या कारखान्याचा पत्ता. (पत्ता अचूक आहे. संशोधनात निदान तेवढं तरी खरं निघालं.)

माझं काम तुला ठाऊक आहे. फुटकी लादी ओली करायची, तडा बघायचा. तडा मुळातच दगडात असेल तर निळा खडू, म्हणजे लादी खाणीकडे परत. आमच्या करवतीने फोडली असेल तर लाल, म्हणजे नुकसान आमचं. माझ्या खडूला आजवर कुणी उलट विचारलं नव्हतं. परवा खाणवाल्याचा माणूस पत्रक नाचवत आला. "तुम्हाला मंगळावर दार दिसतं, माझ्या दगडात तडा दिसणारच." कारागीर तर लादी फुटली की आधीच सांगतात, "काका, आम्ही नाही, त्या ठेंगण्यांनी फोडली." मीही हसतो. पण काल मालकांनी, पहिल्यांदाच, माझी निळी खूण असलेली लादी स्वतः ओली करून पाहिली. खूण बरोबरच होती. मला मात्र नंतर डबा उघडवला नाही.

तेव्हा दाजींना सांग, रविवारच्या सभेत पत्रक पुन्हा वाटण्याआधी त्यावरून माझं नाव काढा. मंगळाला साक्षीदार हवाच असेल, तर ज्याचं पोट दगडावर नाही असा कुणी बघा. दंतवैद्य चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र दाजींना दाखवू नकोस. सांगायचं ते आडून सांग, आणि त्यांचं जेवण झाल्यावर सांग.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच दाजींचा फोन आला. मोबाइलवर नवा फोटो पाठवलाय, त्यात पायऱ्या आहेत म्हणे. कडा कशा वाटतात? विचारताना ते हसत होते. मी सांगितलं, फार सरळ आहेत. तेव्हा नाव राहू दे. मालकांना उद्या मीच सांगून टाकतो, की हा माणूस खोटं बोलतो ते फक्त घरच्यांशी, लाद्यांच्या बाबतीत नाही.