बारा पॅनेलची बेरीज

२ एप्रिल

गच्चीवर सोलर लागलं! बारा पॅनेल. लावणारा युवराज — कोठी भागातल्या शाळेतला माझाच विद्यार्थी. हातमोजे न घालता वायरी जोडत होता. मी टोकलं तर म्हणाला, "कायकू घाबरताय, बाई? डीसी आहे. डीसी चावत नाही — तुम्हीच शिकवलं ना." खरंय. मुलांच्या हातात सेल देऊन दरवर्षी हेच वाक्य म्हणायचे. अंगावर मूठभर मांस चढलं.

३ एप्रिल

मांस उतरलं. पॅनेलसोबतचं पुस्तक वाचलं. एका पॅनेलचे चाळीस व्होल्ट. एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला — म्हणजे बेरीज. बारा चोक अठ्ठेचाळीस — चारशे ऐंशी व्होल्ट!

ही बेरीज मीच शिकवायचे. दीड अधिक दीड तीन. चार सेलांच्या पुढे कधी गेलेच नाही. घरातला करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, हा डीसी एकदाही येत नाही. धरला तर हात सुटायचा नाही.

४ एप्रिल

युवराजला फोन केला. "बाई, तुमच्यामुळेच फिजिक्स आलं मला," म्हणाला. ऐकत बसले. सांगितलंच नाही. भित्री कुठली.

६ एप्रिल

एक जोड सैल निघालाय. युवराज उद्या बारा वाजता वायर कापून नवा करणार. "मेन बंद ठेवा, बस."

मेन मी बंद करीन. सूर्य कोण बंद करणार? ऊन आहे तोवर पॅनेल चालूच.

७ एप्रिल

गुडघे धरत गच्ची चढले. तो वायर सोलायला बसलाच होता. "हात काढ!" — वर्गात ओरडायचे तशी ओरडले. मग सांगून टाकलं, मी अर्धवट शिकवलं.

तो हसला. "चारशे ऐंशीचा आकडा माहीत आहे बाई, पण डीसीच ना?"

"सेल चारच होते म्हणून चावले नाहीत, युवराज. शंभर असते तर?"

त्याचं हसू गेलं. वायर खाली ठेवली. जोड सूर्य बुडाल्यावर केला.

८ एप्रिल, सकाळ

युवराज रजिस्टर घेऊन आला. दोन वर्षं कुकटपल्लीत पॅनेल लावायचा क्लास घेतो. "बाई, मी पण तेच वाक्य शिकवलं सगळ्यांना."

त्रेसष्ट नावं. मी नंबर वाचतेय, तो फोन लावतोय.

८ एप्रिल, दुपार

अठ्ठाविसावा फोन मुलाच्या आईनं घेतला. "मार्चमध्येच गेला, बाबू. गच्चीवर करंट लागून."

अजून पस्तीस राहिलेत. युवराज पुढचा नंबर मागतोय. माझं बोट अठ्ठाविसाव्या नावावरच आहे.