त्रेसष्ट अर्ज

१३ मे २०२०
वीस लाख कोटी! टेकडीवर रेंज मिळाली तेव्हा कळलं. टाळेबंदीत बुडालेल्यांसाठी सरकारने पॅकेज जाहीर केलंय. खाली येऊन बाला, माझ्या वडिलांना, सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या पाड्यावर कधी येईल?" मी गावची रोजगार सेवक, म्हणून त्याला वाटतं मला सगळं ठाऊक असणार.

१५ मे
तीन दिवस ऐकतेय. छोट्या कारखान्यांना कर्ज. फेरीवाल्यांना कर्ज. शेतकऱ्यांना कर्ज. ज्याची चूल बंद पडली त्याच्यापुढे कर्जाचा फॉर्म ठेवायचा आणि त्याला मदत म्हणायचं?

तेल आणायला खापरच्या बाजारात गेले. किराणावाले शकीलभाई म्हणाले, "रिनाबेन, माल भराले कर्ज भेटी बी. पन लेनार कोन? गिऱ्हाईकना हातमा पैसा कोठे शे?" एका दुकानदाराला हे कळतं. पॅकेज ठरवायला एवढे हुशार लोक बसले होते, त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही?

कार्ड नसलेल्या मजुरांनाही धान्य मिळेल, असं काल सांगितलं. भुरीबाई आणि तिचा नवरा बाज्या भरूचहून तीन दिवस चालत आलेत. आज ती रेशन दुकानावर गेली. "वरून काही आलं नाही." पिशवी घडी करून परत आली.

१८ मे
रोजगार हमीला आणखी चाळीस हजार कोटी. हे तरी कर्ज नाही, मजुरी आहे. पहिल्यांदाच बरं वाटलं. घरोघर फिरून कामाच्या मागणीचे अर्ज भरून घेतले — त्रेसष्ट. बाचाही आहे. जसोदाबाई एकटी राहते, घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. तिचा अंगठा पुसट उठला तर म्हणाली, "अजून एकदा घे. माझं नाव राहायला नको."

२० मे
तालुक्याला जाऊन आले. रोजगार हमीच्या साहेबांनी अर्जांचा गठ्ठा चाळला. म्हणाले, "मॅडम, तारीख टाकू नका. तुमच्या गावाला मंजूर कामच नाही."

अर्जावर तारीख पडली की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं, नाहीतर बेकारी भत्ता. कायदाच आहे. म्हणून तारीखच नको! वर कोटींचे आकडे, आणि खाली एक तारीख टाकायला घाबरतात.

मी काय केलं? जागा कोऱ्या ठेवल्या. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. बाने विचारलं तर मी म्हणाले, होईल.

२१ मे
काहीच नाही. साहेबांपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतोय.

२६ मे
साहेबांचा फोन. पॅकेजचा लाभार्थी पाहिजे, फोटोसकट, आजच.
"काम सुरूच नाही, सर."
"मागच्या वर्षी खोदलेले चर असतील ना डोंगरावर? तिथे कोणाला तरी उभं करा."

केलं. लिहायला लाज वाटते, पण केलं. भुरीबाईच्या हातात टिकाव दिला. ती खरंच खोदायला लागली. मी म्हटलं, नुसता धर. तरी हातभर खोदलंच तिने. कपाळ पुसून म्हणाली, "आजचा दिवस हजेरीत मांडशील ना?"

फोटो चांगला आला.

२९ मे
फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. खाली लिहिलंय — पॅकेजमुळे गावातच हाताला काम. बाज्या दारात आला. आवाज न चढवता म्हणाला, "माझ्या बायकोला फुकट खोदायला लावलंस." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बा घरातच होता. त्याने सगळं ऐकलं.

१ जून
सगळे अर्ज पुन्हा भरले. प्रत्येकावर आजची तारीख. खाली माझी सही, शिक्का. पोच फाडून ज्याच्या त्याच्या हातात दिली. बाज्याने पोच दोनदा वाचली, मग खिशात ठेवली. गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"नोकरी नको का तुम्हाला?"
"काम पाहिजे, सर. त्रेसष्ट जणांना."

 

९ जून
हजेरीचं मस्टर आलं, उद्यापासून काम. पंधराच जणांचं. साहेब म्हणाले, "बाकीच्यांचं नंतर बघू. पंधरा कोण, ते तुम्ही ठरवा." कायद्यात असं कुठेच नाही. पण पावसाच्या आत पंधरा घरांत मजुरी जाईल, म्हणून लिहायला बसले. भुरीबाई. बाज्या. पुढची बारा नावं विचार करून करून लिहिली.

पंधरावं नाव बाचं लिहिलं. आमच्या घरात माझं मानधन येतं, हे मला माहीत आहे. खोडलं नाही. जसोदाबाई राहिली.